ऑइल ड्रेन करताना गॅस लीक: सुरक्षा डिप्लोमाच्या एका प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातला विद्यार्थी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका मासळी गोठवणाऱ्या कारखान्यात युटिलिटी सुपरवायझर होता. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला. उमेदीची वर्षं कॉम्प्रेसर, जनरेटर आणि बर्फाच्या प्लांटवर गेलेली. पस्तिशी ओलांडल्यावर त्याने अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा इन इंडस्ट्रियल सेफ्टीला, म्हणजे एडीआयएसला, प्रवेश घेतला. वर्ग मुंबईच्या बाजूला, शनिवार-रविवारी. मी त्याच्या प्रकल्पाचा मार्गदर्शक. कारखान्याची आणि माणसांची ओळख इथे काढून टाकली आहे. कामाचा क्रम, यंत्रांची रचना आणि आमच्यातले वाद मात्र तसेच ठेवले आहेत.

प्रकल्प म्हणजे स्पायरल बाइंडिंगचा सोपस्कार, अशी आपल्याकडे समजूत पक्की आहे. मागच्या बॅचची फाइल मिळवायची, कंपनीचं नाव बदलायचं, पहिल्या पानावर आभार, शेवटच्या पानावर मॅनेजमेंटच्या कमिटमेंटचं कौतुक. अशा फायली पासही होतात. ही फाइल वेगळी निघाली, म्हणून हे लिहितो आहे.

कोर्स कोणता, हा पहिला प्रश्न

त्याच्या डोक्यात आधी नेबॉश होतं. त्यात नवल नाही. खेड, दापोली, मंडणगडपासून खाली राजापूरपर्यंत कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी आखातात आहे आणि तिकडच्या नोकरीच्या जाहिरातींत हे नाव सारखं दिसतं. नेबॉश हे कामावरच्या सुरक्षा-आरोग्याचं १९७९ पासूनचं ब्रिटिश परीक्षा मंडळ. त्याचा इंटरनॅशनल डिप्लोमा तीन युनिटांचा आहे: पहिलं व्यवस्थापनाच्या तत्त्वांचं, दुसरं आरोग्याच्या धोक्यांचं, तिसरं सुरक्षेच्या धोक्यांचं. इंग्रजीत सलग लिहिण्याची सवय नसलेल्या माणसाला ते जड जातं आणि फीही खिशाला जाणवते.

मी त्याला एवढंच विचारलं, की राहायचं कुठे आहे? लोटे, महाड, रोहा या पट्ट्यात कारखान्याचा वैधानिक सेफ्टी ऑफिसर व्हायचं असेल, तर महाराष्ट्राचे सेफ्टी ऑफिसरविषयीचे १९८२ चे नियम तेव्हा राज्य शासनाने मान्य केलेली औद्योगिक सुरक्षेची पदवी किंवा पदविका मागत होते. त्याशिवाय शिक्षणाप्रमाणे कारखान्यातला अनुभव लागत होता आणि बहुसंख्य कामगारांची भाषा यावी लागत होती. नुसतं परदेशी प्रमाणपत्र घेऊन या खुर्चीत बसता येईल, असं धरून चालू नये. त्याची आई इथे, बागायत इथे. तो एडीआयएसकडे वळला. नेबॉश नंतरही करता येतं. धोका ओळखणं, जोखीम तोलणं, नियंत्रण निवडणं आणि ते टिकतंय का बघणं, ही अभ्यासाची जात दोन्हीकडे एकच आहे.

विषय लहान करणं

त्याने पहिला आराखडा पाठवला तो 'सीफूड कारखान्यातील सुरक्षेचा सर्वंकष अभ्यास' या नावाचा. सर्वंकष हा शब्द दिसला की मी फाइल परत करतो. त्यात ओल्या फरशीवरून घसरणं होतं, पीलिंग शेडमधल्या, म्हणजे कोळंबी सोलणाऱ्या, बायकांची कापलेली बोटं होती, ब्लास्ट फ्रीझरमध्ये माणूस अडकणं, फोर्कलिफ्ट, विजेचा धक्का आणि शेवटी थंडाव्यासाठी यंत्रांत फिरणारा अमोनिया. प्रत्येकाला दीड पान.

एकच काम घे, एवढं मी सांगितलं. त्यावर त्याचं म्हणणं असं, की घसरणं रोजचं आहे, मग तेच घ्यायला हवं. मुद्दा रास्त होता. मग आम्ही त्याचाच जोखमीचा पाच बाय पाचचा तक्ता काढून बसलो. घसरण्याची शक्यता पाच, तीव्रता दोन, गुणाकार दहा. अमोनिया सुटण्याची शक्यता दोन, तीव्रता पाच, गुणाकार पुन्हा दहा. तक्त्यात दोन्ही पिवळ्याच चौकटीत. पण पहिल्या दहासाठी फरशीचा उतार, गटाराची जाळी आणि बूट बघावे लागतात. दुसऱ्या दहासाठी जी गोष्ट अजून घडलेलीच नाही तिची तयारी लागते. डिप्लोमाच्या पातळीवर परीक्षकाला गुणाकार नको असतो. तो आकडा कुठे आंधळा आहे हे विद्यार्थ्याला दिसतंय का, ते तो बघत असतो.

अमोनियाकडे वळायला एक निमित्तही होतं. प्लांट रूमच्या लॉगबुकात आदल्या हिवाळ्यातली एक नोंद त्याला सापडली: 'ऑइल ड्रेन करताना गॅस लीक. ऑपरेटरची चूक. ताकीद दिली.' एवढंच. कुणाला इजा नाही, माल खराब नाही, उत्पादन थांबलं नाही. विद्यार्थ्याने ती नोंद प्रकल्पात जशीच्या तशी उतरवली आणि खाली लिहिलं, की ८८ टक्के अपघात कामगारांच्या असुरक्षित कृतींमुळे होतात.

हा आकडा अजून प्रत्येक नोट्समध्ये आहे. हाइनरिखने १९३१ मध्ये मांडला तो. हाइनरिख विमा कंपनीतला माणूस आणि त्याच्यासमोर होत्या त्या दाव्यांच्या आणि मालकांनी भरून दिलेल्या अहवालांच्या फायली. मालकाने भरलेल्या फॉर्मवर कारण काय लिहिलेलं असणार? मी विद्यार्थ्याला सांगितलं, आकडा खोडू नकोस, पण हे लॉगबुक कुणी लिहिलं ते आधी शोध.

ते काम नेमकं काय असतं

इथे थोडं थांबायला हवं, कारण ऑइल ड्रेन म्हणजे काय हे माहीत नसेल तर पुढचं सगळं हवेत राहील.

अमोनियाच्या प्लांटमध्ये कॉम्प्रेसरचं थोडं तेल गॅसबरोबर पुढे जातंच. ऑइल सेपरेटर बरंचसं अडवतो, सगळं नाही. हे खनिज तेल अमोनियात विरघळत नाही आणि द्रव अमोनियापेक्षा जड असतं, म्हणून ते सिस्टिममध्ये सगळ्यात खाली, बर्फाच्या टाकीकडच्या अ‍ॅक्युम्युलेटरच्या, म्हणजे द्रव अमोनिया साठतो त्या भांड्याच्या, तळाशी जाऊन बसतं. ते वेळच्या वेळी काढलं नाही, तर कॉइलच्या आतून थर धरतो, उष्णता नीट ओढली जात नाही आणि बर्फ पडायला वेळ लागतो. म्हणून ते हाताने काढतात.

अ‍ॅक्युम्युलेटरखाली एक छोटं भांडं असतं, ऑइल पॉट. रीत अशी: तेल पॉटमध्ये उतरवायचं, वरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, पॉटची व्हेंट लाइन सक्शनकडे, म्हणजे कॉम्प्रेसर गॅस ओढतो त्या बाजूला, उघडायची आणि थांबायचं. तेलाबरोबर आलेला द्रव अमोनिया उकळून सक्शनला निघून जातो. तो आत असेपर्यंत पॉटवर पांढरं हिम धरलेलं असतं. अमोनिया संपला की हिम उतरतं आणि भांडं नुसतं ओलं राहतं. मग व्हेंट बंद करायची, खालचा ड्रेन अगदी हळू उघडायचा आणि शेवटपर्यंत त्यावरचा हात काढायचा नाही. हे काम दोघांचं. एक काढणार, दुसरा दाराशी उभा राहणार.

ड्रेनचा व्हॉल्व्ह स्प्रिंगचा असावा, हात सोडला की आपोआप बंद होणारा. साधा चक्रीचा व्हॉल्व्ह असेल आणि अचानक गॅस आला, तर तो बंद करायला अनेक फेरे फिरवावे लागतात. डोळ्यांत अमोनिया गेलेला माणूस फेरे मोजत बसत नाही. तो पळतो, आणि पळणंच बरोबर आहे.

अमोनियाचे आकडे विद्यार्थ्याला पाठ होते. आठ तासांच्या सरासरीची मर्यादा २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग), थोड्या वेळासाठी ३५, आणि ३०० पीपीएमला जिवाला तत्काळ धोका. उकळणबिंदू उणे ३३ अंश सेल्सिअस. हवेपेक्षा हलका, म्हणून वर जातो. हे शेवटचं वाक्य मी तांबड्या शाईने अधोरेखित केलं. वायुरूप अमोनिया हलका असतो हे खरं. पण पाइपातून द्रव बाहेर पडला तर थंडगार तुषार आणि आजूबाजूची दमट हवा मिळून पांढरा ढग होतो. तो ढग जड असतो आणि जमिनीला धरून सरकतो. कोकणातल्या हवेत दमटपणा मागवावा लागत नाही. छताला एक्झॉस्ट पंखा लावला की झालं, हे उत्तर म्हणूनच अपुरं आहे. पाणी मारण्याचंही तसंच. हवेतला अमोनिया पाण्याचा फवारा शोषून घेतो, पण जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी ओतलं तर तो जोरात उकळतो आणि ढग वाढतो.

बंदीच्या दिवसांतली बोलणी

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी शाकारलेल्या, पीलिंग शेड रिकामी, परराज्यातल्या मुली गावी गेलेल्या. कारखान्यात उरतात ते देखभालीचे लोक. हंगामात ज्या ऑपरेटरला चहा प्यायला फुरसत नसते, तो या दिवसांत तास-तासभर बोलतो. विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी हेच दोन महिने निवडले. त्याच्या नियोजनातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकात वर्गाला पोचायला होणारा उशीर त्याने प्रवासात नोट्स वाचून भरून काढला.

ताकीद मिळालेला ऑपरेटर पन्नाशीचा, याला लहानपणापासून ओळखणारा. पहिल्या दिवशी तो काही बोलेना. चौकशी म्हटली की माणूस आधी आपली नोकरी सांभाळतो. विद्यार्थ्याने फॉर्म आणि पेन बाजूला ठेवलं आणि त्याला पॉटजवळ नेऊन म्हटलं, "काका, त्या रात्री काय काय केलंत, ते मला नुसतं हाताने करून दाखवा." ही पद्धत कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा सरस आहे. माणूस तोंडाने नियम सांगतो, हाताने खरं काम दाखवतो.

काकांचा हात व्हेंटकडे गेलाच नाही.

"व्हेंट फिरत नव्हता. पाना लावला असता तर स्पिंडलच तुटला असता. बोटी लागलेल्या, बरफ पडत नव्हता. मग काय करनार?"

खाऱ्या हवेत व्हेंटचा स्पिंडल, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवायचा दांडा, गंजून धरला होता. दुरुस्तीची चिठ्ठी दिवाळीपूर्वीच दिलेली होती. तिच्यावर शेरा होता: 'बंदीत करू.' त्या काळातल्या सगळ्याच चिठ्ठ्यांवर तो शेरा होता. हंगामात प्लांट थांबवायचा नाही, जे काही असेल ते जून-जुलैमध्ये. म्हणजे दहा महिने जे बिघडेल ते तसंच चालवायचं. हे कुणी आदेश काढून ठरवलं नव्हतं. ते धंद्याच्या चालीतच होतं.

व्हेंट नाही, म्हणून हिम उतरायची वाट बघण्यात अर्थ नाही. पॉटमध्ये द्रव अमोनिया तसाच. थंडीने घट्ट झालेलं तेल ड्रेनमधून येईना, म्हणून काका चक्री थोडी थोडी उघडत गेले. मग गोळा सुटला आणि तेलामागून अमोनिया आला. काका बाहेर पळाले. दुसऱ्या कॉम्प्रेसरवरचा माणूस पलीकडच्या दाराने आला आणि तोंडाला ओला टॉवेल बांधून त्याने वरचा व्हॉल्व्ह बंद केला. मास्क होता, पण लॉगबुकाच्या टेबलामागे, म्हणजे ढगाच्या पोटात.

आणि दाराशी उभा राहायचा तो हेल्पर? तो जेट्टीवर बर्फ फोडायला गेला होता. बोटी लागल्या की हेल्पर तिकडेच जातो. प्लांट रूम आणि जेट्टी या दोन्ही ठिकाणी एकच नाव असलेला ड्यूटी चार्ट ज्याने बनवला, तो आमचा विद्यार्थीच. लॉगबुकातली ताकीदही त्याच्याच सहीने. हे त्याने मला फोनवर सांगितलं आणि विचारलं, हे लिहायचं का? मी म्हटलं, तपास करणारा स्वतः त्या व्यवस्थेचा भाग असेल तर ते अहवालाच्या पहिल्या पानावर यायला हवं. वाचणाऱ्याला कळू दे, हा माणूस कुठे उभा राहून बघतोय. त्याने लिहिलं. मला माहीत आहे की त्याला ते सोपं गेलं नाही.

वारा

कारखान्याच्या आपत्कालीन आराखड्यात एकच असेम्ब्ली पॉइंट, म्हणजे बाहेर पडून जमायची जागा, होता, गेटजवळ. हिरवा बोर्ड, पांढरा बाण, सगळं ऑडिटला दाखवण्यासारखं. विद्यार्थ्याने नकाशा काढला: पश्चिमेला जेट्टी, मध्ये प्लांट रूम, पूर्वेला पीलिंग शेड, त्याच्या पुढे गेट.

गॅस सुटला ती थंडीतली रात्र होती. किनाऱ्यावर रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. ढग जेट्टीच्या कडेने पाण्यावर गेला आणि विरला. रात्रपाळीला शेडमध्ये माणसंही थोडी होती. हीच गोष्ट दुपारी तीनला झाली असती तर? दुपारी खारा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. मग ढग आधी शेडमध्ये गेला असता आणि तिथून बाहेर पडलेल्या बायका, आराखडा सांगतो त्याप्रमाणे, ढगाच्याच वाटेवरच्या गेटवर जमल्या असत्या.

लॉगबुकात 'इजा नाही' लिहिलं होतं, त्याचं श्रेय घड्याळाला जात होतं. हे पान वाचल्यावर मला वाटलं, याला आता फारसं शिकवायची गरज नाही. शाळेतल्या भूगोलात हे वारे सगळ्यांनीच वाचलेले असतात, पण इतक्या वर्षांत कुणाला ते असेम्ब्ली पॉइंटला लावून बघावंसं वाटलं नव्हतं. पावसाळ्यात पुन्हा नैऋत्येचा वारा दिवसरात्र आत ढकलतो, तेव्हा गेटची जागा चोवीस तास चुकीची. उपाय स्वस्त होता. गच्चीवर विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी), उत्तर आणि दक्षिण अशा दोन बाजूंना दोन जमायच्या जागा, आणि वारा बघून आडवं चालत बाहेर पडायचं हे सगळ्यांना करून दाखवणं. सूचना मराठी, हिंदी आणि शेडमधल्या मुलींच्या भाषांत.

कायद्याचं प्रकरण

या भागात त्याची दमछाक झाली. त्याने सरसकट लिहिलं होतं, की कारखाना अधिनियम १९४८ मधलं धोकादायक प्रक्रियांचं चौथे-अ प्रकरण इथे लागू आहे. भोपाळमध्ये १९८४ च्या २-३ डिसेंबरच्या रात्री मिथाइल आयसोसायनेट सुटला आणि त्यानंतर १९८७ च्या दुरुस्तीने हे प्रकरण कायद्यात आलं. पण ते ज्या पहिल्या परिशिष्टाला बांधलेलं आहे, त्यातल्या २९ उद्योगांच्या यादीत मासळी गोठवणं नावाने नाही. अमोनिया आहे म्हणून आपोआप 'हॅझार्डस प्रोसेस' होत नाही. आधी यादी आणि व्याख्या तपासायची, मग लिहायचं. कलम ७-अ मधली भोगवटादाराची, म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा असणाऱ्याची, सर्वसाधारण जबाबदारी मात्र प्रत्येक कारखान्याला होती, आणि दाबाखालच्या यंत्रांसाठी कलम ३१. एवढ्या आधारावर त्याचा मुद्दा भक्कम उभा राहत होता.

आज हाच प्रकल्प कुणी करत असेल तर पाया वेगळा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली आहे. जुन्या कायद्यात सेफ्टी ऑफिसर नेमण्याचा सर्वसाधारण आकडा एक हजार कामगारांचा होता. संहितेत तो कारखान्यासाठी ५०० आहे आणि धोकादायक प्रक्रिया असेल तर २५०. जुन्या बॅचच्या नोट्स वापरणाऱ्यांनी एवढं तरी बदलून घ्यावं.

शेठची सही

प्रकल्पावर कंपनीची सही लागते. शेठनी मसुदा वाचला आणि म्हणाले, "हे बाहेरच्या माणसांनी वाचायचं? आपण आपल्याच हाताने लिहून द्यायचं, की आपला व्हॉल्व्ह गंजलाय?"

त्यांचा प्रश्न मला अन्यायाचा वाटत नाही. छोट्या कारखान्यात एक कागद चुकीच्या टेबलावर गेला की किती फेऱ्या माराव्या लागतात, ते त्यांना ठाऊक होतं. विद्यार्थ्याने कंपनीचं नाव, ठिकाण आणि माणसांची नावं काढली. घटना काढली नाही. मग त्याने शेठपुढे हिशेब ठेवला. स्प्रिंगचा व्हॉल्व्ह आणि व्हेंटची दुरुस्ती मिळून जो खर्च, त्याच्या शेजारी कोल्ड स्टोरेजच्या एका चेंबरमधल्या म्हाकुळाची आणि कोळंबीची किंमत. अमोनियाचा वास लागलेला माल निर्यातीला जात नाही. काकांच्या डोळ्यांचा मुद्दा त्याच्या मसुद्यात आधी होता, मालाचा नंतर. शेठना मालाचा पटला. सुरक्षेसाठी नैतिक, कायदेशीर आणि आर्थिक अशी तीन कारणं पाठ्यक्रमात शिकवतात आणि विद्यार्थी ती याच क्रमाने मांडतात. समोरचा माणूस कुठल्या दाराने आत येईल ते बघून क्रम बदलावा. त्यात मला काही कमीपणा दिसत नाही.

उपायांवर आमचं एकदा चांगलंच वाजलं. त्याने कॅनिस्टर मास्क घालून दोन माणसांनी आत जाऊन व्हॉल्व्ह बंद करावा असं लिहिलं होतं. कॅनिस्टर हवा गाळतो, हवा देत नाही. तो बाहेर पडण्यापुरता. आत किती पीपीएम आहे हे माहीत नसताना शिरायचं, तर पाठीवर हवेचं सिलिंडर असलेला एससीबीए सेट हवा, तो चालवणारी सराव केलेली माणसं हवीत आणि बाहेर त्यांच्यामागे आणखी माणसं हवीत. एवढ्याशा कारखान्यात हे बारमाही टिकेल का? त्याचं प्रामाणिक उत्तर 'नाही' असं होतं. मग ठरलं की कुणी आत शिरायचंच नाही. प्लांट बंद करायचं बटण आणि मुख्य लाइनचा व्हॉल्व्ह बाहेरून चालेल असा करायचा, माणसं काढायची, अग्निशमन दलाला बोलवायचं. मास्कचं कपाट आणि डोळे धुवायचा नळ प्लांट रूमच्या बाहेर, दाराच्या दोन्ही अंगांना. डोळ्यांत गेलं तर किमान पंधरा मिनिटं पाणी.

याहून वरचा उपाय म्हणजे तेल हाताने काढायचंच नाही, ते आपोआप कॉम्प्रेसरकडे परत जाईल अशी रचना करायची. तो खर्च शेठना झेपणारा नव्हता. विद्यार्थ्याने तो पर्याय लिहिला, का नाकारला तेही लिहिलं. बहुतेक जण नाकारलेला पर्याय लिहीतच नाहीत आणि मग खालचे उपाय कुठून आले ते कळत नाही.

तोंडी परीक्षा

बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "वर्क परमिट, म्हणजे धोक्याच्या कामाआधीचा लेखी परवाना, असतं तर हे टळलं असतं?"

विद्यार्थी म्हणाला, परमिटवर 'दोन माणसं हजर' यासमोर टिक झाली असती आणि हेल्पर तरीही जेट्टीवर असता. मग त्याने पायपर अल्फाचं उदाहरण दिलं. ६ जुलै १९८८, उत्तर समुद्रातला तेल-वायूचा प्लॅटफॉर्म, १६७ मृत्यू. तिथे परमिट होतं. पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला आहे ही माहिती पाळी बदलताना पुढच्या माणसांपर्यंत पोचली नाही आणि त्यांनी तो पंप सुरू केला. कागद आणि काम यांची गाठ पडली नाही.

उदाहरण बरोबर होतं. तरी कोकणातल्या विद्यार्थ्यांना मी दुसरंही एक सांगत असतो, कारण ते आपल्याच समुद्रातलं आहे आणि पावसाळ्यातलं आहे. २७ जुलै २००५ ला मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या बीएचएन प्लॅटफॉर्मला 'समुद्र सुरक्षा' हे जहाज एका जखमी माणसाला उतरवण्यासाठी लागलं. खवळलेल्या समुद्रात ते गॅसच्या रायझरवर, म्हणजे प्लॅटफॉर्मच्या उभ्या पाइपवर, आदळलं. गॅस सुटून आग लागली आणि २२ माणसं गेली. त्या माणसाची जखम बोटांना झालेली होती. जहाज लागतं त्याच बाजूला उघडा रायझर होता आणि त्या हवेत जहाज जवळ आणायचा निर्णय घेतला गेला. या दोन गोष्टी वेगवेगळ्या टेबलांवर, वेगवेगळ्या वर्षी ठरलेल्या होत्या. जेम्स रीझनने १९९० मध्ये मांडलेलं, संरक्षणाच्या थरांतली भोकं एका रेषेत आली की अपघात होतो असं सांगणारं मॉडेल पाठ करण्यापेक्षा हा एक अपघात नीट समजून घ्यावा.

तो पास झाला.

त्यानंतर

बंदी संपायच्या आत स्प्रिंगचा व्हॉल्व्ह लागला, व्हेंट मोकळी झाली, विंडसॉक चढला. दुरुस्तीच्या चिठ्ठ्यांवर 'बंदीत करू' लिहायचं असेल तर तोवर ते काम कसं चालवायचं हेही लिहून सही करायची, असं ठरलं. माझ्या मते या प्रकल्पातला सगळ्यात मोलाचा बदल हाच, आणि त्याला एक रुपयाही लागला नाही. अमोनियाचा डिटेक्टर आणि त्याला जोडलेला पंखा पुढच्या बंदीवर गेला. कोटेशन आलेलं आहे, ऑर्डर नाही. काकांची ताकीद लॉगबुकात तशीच आहे. खोडाखोड करायची नसते. विद्यार्थ्याने तिच्याखाली तारीख घालून प्रकल्पातला निष्कर्ष चिकटवला.

नवा ड्यूटी चार्ट खरा आहे की नाही, ते सप्टेंबरात बोटी जोरात लागल्या तेव्हा कळलं. जेट्टीवरून हेल्परला बोलावणं आलं आणि तो गेला. काकांनी त्या रात्री ऑइल ड्रेन केलं नाही आणि लॉगबुकात लिहिलं: 'दुसरा माणूस नाही, उद्या करणार.' बर्फ कमी पडला. शेठनी सकाळी आरडाओरडा केला, मग मिरकरवाड्याहून बर्फ विकत आणवला. त्या बर्फाचं बिल प्रकल्पाच्या फायलीला जोडायला हवं होतं असं मला अजून वाटतं, पण तोवर तोंडी परीक्षा होऊन गेली होती.